चौदाव्या सदीची माफी

नागपूर,
गुरुवार, १२ मार्च १९८१

प्रिय जैबुन,

तुझं पोस्टकार्ड येऊन दहा दिवस झाले. वाचलं, डाळीच्या डब्याखाली ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. नफीसासाठी कामठीचं स्थळ आलं, मास्तर आहेत, बायको वारली, एक लहान पोरगी आहे, माणूस शांत आहे. सगळं वाचून मले इतका आनंद झाला का सांगू नको. बारा-तेरा वर्षांनी पोट्टीच्या नशिबानं दार वाजवलं. आणि मग खालची ओळ. त्यांच्या घरच्या बायका चौकशी करायले येतील, मी तुझंच नाव दिलं आहे गोपी, त्या गल्लीत सच्चं बोलणारी तू एकच. ते वाचलं आणि हातातली पोळी तव्यावर जळून गेली. तुझे भाऊजी ओरडले, लक्ष कुठं आहे म्हणून. त्यायले काय सांगू?

खापरखेडा काही विलायतेत नाही. एसटीनं तासाभराचा रस्ता. तुझ्या पोराले, अनीसले, पावर हाऊसमध्ये नोकरी लागली, तू कॉलनीत राहायले गेली, तेव्हा दर महिन्याले येईन म्हणून मी कबूल केलं होतं. एकदाच आली. आताही येऊन बोलता आलं असतं. पण मले ठाऊक आहे काय होईल ते. तू चहा टाकशील, घे वं गोपी म्हणशील, आणि मी पुन्हा सगळं गिळून बसीन. इतकी वर्षं तेच करून राहिली. म्हणून लिहून राहिली. हे पत्र अनीसजवळ वाचायले देऊ नको, तूच वाच. नफीसाले मागून तुले वाटलं तर सांग.

आपण दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गल्लीत आलो. तू उमरेडची, मी पवनीची. मधात एक भिंत. इकडं कोष्ट्याचा माग, तिकडं मोमीनाचा, आणि दोन्हीकडचा खटका दिवसभर चालू. गल्लीतल्या बायांत लिहिता-वाचता येणाऱ्या आपण दोघीच, म्हणून आपली गट्टी जमली. दुपारी ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो आणि तू तुझ्या अब्बांनी सांगितलेल्या कयामतच्या निशाण्या मले सांगायची. मले त्या गोष्टींचं भारी वेड. याजूज-माजूज, भिंतीमागं कोंडलेले ते राक्षसी लोक, रोज ती भिंत चाटून चाटून कागदासारखी पातळ करतात आणि सकाळी ती पुन्हा जशीच्या तशी जाड होते. मी म्हटलं होतं, त्यायले इकडं बोलाव, आपली मधातली भिंत चाटून देतील, दोघींची घरं मोठी होतील. तू हसता हसता कांडीचा गुंता केला होता. मग तू गंभीर व्हायची. सूर्य मावळतीकडून उगवीन त्या दिवशी तौबाचं, माफी मागायचं, दार बंद. जमिनीतून एक जनावर निघीन आणि माणसाच्या तोंडावर निशाणी करीन, मग बाजारात कोणी कोणाले फसवू शकणार नाही, तोंड पाहूनच समजीन. मी म्हणायची, बाप्पा, मग आपल्या गल्लीत तर कोणी घराबाहेरच पडणार नाही.

आणि एक गोष्ट तू नेहमी सांगायची, ती मले आवडायची नाही. नमाज सुटली, रोजा सुटला, ते अल्लाह माफ करीन. पण माणसानं माणसाचं केलेलं वाईट अल्लाहही माफ करत नाही, जोपर्यंत ते माणूस स्वतः माफ करत नाही. तेव्हा मी तरुण होती, माझ्या खात्यात काही नव्हतं, तरी ते ऐकून मले कसंतरीच व्हायचं.

आता ऐक. अडुसष्टची गोष्ट. नफीसाले बुऱ्हानपूरचं स्थळ आलं होतं, आठवते ना? कसं नाही आठवणार. पोरगा देखणा, घरचे चार माग, त्यायले पोट्टी पसंत, फक्त सगाईची तारीख धरायची बाकी. त्याच आठवड्यात पवनीकडच्या पाहुण्यांनी माझ्या पुष्पलताले नापसंत केलं. तिसऱ्यांदा. रंग काळा म्हणून. मी चूल पेटवून बसली होती, पुष्पा कोपऱ्यात रडून राहिली होती, आणि तू बालूशाही घेऊन आली. तुझ्या तोंडावरचा आनंद मले पाहवला नाही, जैबुन. बालूशाही घेतली, तोंडभर हसली, तू गेल्यावर डबा तसाच फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुऱ्हानपूरच्या दोन बाया माझ्या दारात. तुमच्यातली रीत मले ठाऊक होती, पोरीची खबर बिरादरीत विचारायची नाही, शेजारच्या हिंदू बाईले विचारायची. तिचा काही मतलब नाही, ती काहून खोटं बोलीन? त्या दोघी चांगल्या होत्या. मी पाणी दिलं. नफीसाची तारीफ केली, सैपाक चांगला, शिवण चांगलं, कुराण वाचते, आवाज गोड. सगळं खरं सांगितलं. आणि उठता उठता, जशी काही मले पोट्टीची फार काळजी आहे अशा आवाजात म्हटलं, फक्त कधी कधी भोवळ येऊन पडते, तेवढं सांभाळून घ्या जी.

तिची रोजा-कुशाई, पहिल्या रोज्याचा सण, तुले आठवते. नऊ वर्षांची होती, वैशाखातला रमजान, नागपूरचं ऊन, अंगात नवा गरारा, गळ्यात फुलांचा हार, आणि चार वाजता पोट्टी ओट्यावरून धाडकन खाली. मीच तिले उचलून आत आणलं होतं, मीच कांदा फोडून नाकाले लावला होता. त्याच्या अगोदर नाही, त्याच्यानंतर नाही. आयुष्यात एकदा. आणि मी म्हटलं कधी कधी. कितीतरी वर्षं मी मनाले समजावलं, का मी काही खोटं बोलली नाही, पडली तर होती पोट्टी. असं समजावता येते माणसाले, जैबुन. खूप वर्षं समजावता येते.

आठ दिवसांनी बुऱ्हानपूरहून निरोप आला. भोवळ रस्त्यात मिरगी झाली होती. लडकी को दौरे आते. गल्लीत बोभाटा झाला. आणि तुझ्या घरात सगळ्यांचं बोट एकाच बाईकडं गेलं, हाजराकडं. तुझी ननंद. तिनं आपल्या युनुससाठी नफीसाले मागितलं होतं, तू नाही म्हटलं होतं, आणि ती रागानं बोलून गेली होती, देखती हूँ कौन ले जाता है. संपलं. तू माझ्याकडं आली, पदरात तोंड खुपसून रडली आणि विचारलं, हाजरानंच केलं असंल ना वं गोपी? जैबुन, त्या वेळी मी तुझी पाठ थोपटून राहिली होती. आणि मी म्हटलं, देव जाणे. एवढंच. तुले तेवढं पुरलं.

माझी पुष्पलता पुढच्याच वर्षी उजवली गेली. तिचे आता तीन पोरं आहेत. नफीसा तुझ्या घरी बसून दुसऱ्यांच्या पोरींचे गरारे शिवत राहिली. दर दिवाळीले माझ्या नातवांचे झबले तिनंच शिवले, आणि मी ते घेतले.

एवढ्यावर थांबलं असतं तर माझ्या लाजेले सीमा असती. नफीसाचे अब्बा, इसहाकभाई, गेले त्या दिवसाचं मी आजपर्यंत कोणाजवळ बोलली नाही. घर बायांनी भरलं होतं, मी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले वाट करून देऊन राहिली होती. हाजरा टेक्याच्या वस्तीतून रिक्षानं आली. बुरखा एका बाजूनं लटकलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पाठचा भाऊ तिचा. आतून तुझा आवाज आला, गोपी, उस औरत को अंदर मत आने देना. तू तुझ्या दुःखात होती, तुले मी दोष देत नाही. पण हात माझा होता. मी दाराले हात आडवा लावला. ती भांडली नाही. माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, गोपी, तू तो दीवार से लगके रहती, तेरे को तो मालूम है, मैंने कुछ नहीं किया. मी खाली पाहिलं. तिच्या चपलाच पाहत राहिली. ती मागं फिरली आणि गल्लीच्या तोंडाशी पानठेल्याजवळ उभी राहिली. भावाचा जनाजा तिच्यासमोरून झाकलेला गेला. मले त्या दिवशी एक शब्द बोलायचा होता. मी, हा एकच शब्द.

मग ते एकोणऐंशी साल. आधी आषाढात स्कायलॅब पडणार म्हणून गोंधळ. तुझे भाऊजी, एवढे मोठे शहाणे, मागाच्या खड्ड्यात जाऊन बसले होते, वर सतरंजी घेऊन. आपण दोघी हसून हसून लोळलो. मग दिवाळी झाली आणि पुढच्या महिन्यात मोहरमचा चांद दिसणार होता, तुमच्या हिजरी सालाची चौदावी सदी संपणार होती. कोणी म्हणे सदीसोबत दुनियाही संपणार. तुमच्या इमामसाहेबांनी दोनदा सांगितलं, की तो वक्त एका अल्लाहलेच ठाऊक, चौदावी सदी असं कुठं लिहिलेलं नाही. पण बाया कुठं ऐकतात. ओट्याओट्यावर निशाण्यांची उजळणी चालली होती. घरं उंच होतील, झाली. वक्त भराभर जाईल, साल महिन्यासारखं चाललं. पोरं मायबापाले नोकरासारखं वागवतील, हे ऐकून सगळ्या आपापल्या सुनांकडं पाहून राहिल्या. आणि मग तू म्हटलं, खोटी गवाही आम होईल आणि खरी गवाही लोक लपवून ठेवतील. हे मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं मी तुझ्या निशाण्या गोष्टीसारख्या ऐकल्या, शेवटी येणारा तो लबाड दज्जाल कुठं, याजूज कुठं, ते सगळं दूरचं. आणि ही निशाणी तुझ्या शेजारी बसून कांड्या भरून राहिली होती. मी दूध उतू चाललं म्हणून उठली. दूध तापवायले ठेवलंच नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी गल्लीत सगळे एकमेकांच्या घरी जाऊन राहिले होते, कहा-सुना माफ करना. वीस वर्षांपासून न बोलणारे गळ्यात पडून राहिले होते. तू माझ्याकडं आली. दिवे लागले नव्हते. तू उभ्यानंच बोलली, बसली नाही. म्हटलं, गोपी, तुझी ती कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी माझ्या हातून फुटली होती, मी मांजरीचं नाव सांगितलं, तू त्या मांजरीले आठ दिवस झाडूनं हाकललं. कयामतच्या दिवशी जनावराचाही हिशेब होणार आहे वं, ती मांजर उभी राहीन माझ्यासमोर. आणि तू रडायले लागली. खरंखुरं रडली, एका बरणीसाठी आणि एका मांजरीसाठी. आणि मी काय केलं? मी मोठ्या मनाची बाई झाली. तुझे डोळे पुसले, म्हटलं, अव पगली, माफ केलं, जा. तू म्हटलं, तुझं काही असंल तर तूही सांग, मी आत्ता माफ करते, उद्या दार उघडं राहीन का नाही कोणाले ठाऊक. तू माफी अशी स्वतःहून हातात आणून दिली होती. आणि मी म्हटलं, माझं काय असणार वं?

तुले हे ठाऊक नसंल, त्या संध्याकाळी हाजरा स्वतः आली होती. गल्लीच्या तोंडापर्यंत. तिनं तिथूनच कोणाकरवी तरी माफीचा निरोप पाठवला, तुले वाटलं घरून आला, आणि तू म्हटलं, तिचं मी अल्लाहवर सोडलं. तू त्या दिवशी सगळ्या गल्लीले माफ केलं, मी न मागता मलेही केलं, एकट्या हाजराले सोडून.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी मागच्या आंगणात जाऊन उभी राहिली. कोणाले सांगू नको. मी सीताबर्डीच्या बाजूले, मावळतीकडं, तोंड करून उभी होती, सूर्य तिकडून निघते का पाहायले. मले वाटलं, निघाला तर बरं, सुटली. तो आपला इतवारी स्टेशनाच्या अंगानं निघाला, रोजच्यासारखा. दूधवाला तुमच्या दारासमोर येऊन हसला, काय भाभी, दूध घ्यायचं ना, का दुनिया संपली? सगळे हसले आणि त्यायच्यात मीही हसली. सगळ्यात मोठ्यानं मीच. तू मान खाली घातली, भांडं पुढं केलं. तुझं ते मान खाली घालणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बरं, आता परवाचं सांगते. मंगळवारी दुपारी कामठीच्या दोघी आल्या. मास्तरांची माय आणि मावशी. म्हातारी माय मोठी कडक आहे, पण बोलणं सरळ. बसल्या बसल्या म्हणाली, हमने मिरगी की बात सुनी है, साफ बोलो. मी चहाचे कप त्यांच्यासमोर ठेवले आणि साफ बोलली. पोट्टीले कोणताही आजार नाही. नऊ वर्षांची असताना पहिल्या रोज्याले उन्हानं एकदा पडली. बुऱ्हानपूरवाल्यांले कधी कधी म्हणून मीच सांगितलं होतं, जळून सांगितलं होतं. मिरगी त्या एका शब्दापासून झाली. मले वाटलं होतं बोलल्यावर छाती हलकी होईल. म्हातारीनं कप खाली ठेवला आणि विचारलं, तब झूठ बोली, तो अब सच बोल रही, ये हम कैसे मानें? तिचं काय चुकलं? तू ज्या बाईचं नाव दिलं होतं, तिच्या शब्दाची किंमत तिनंच घालवली होती. मी एवढंच म्हटलं, मग नफीसाच्या फूफीले विचारा, टेक्याले राहते, हाजरा. तिनं पोट्टीले खांद्यावर वाढवलं आणि तिच्यापायी माझ्या करणीची शिक्षाही भोगली. ती चांगलं बोलली तर ते खरं समजा. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, अगले जुम्मे को जाएँगे. येता जुम्मा नाही, त्याच्या पुढचा, वीस तारखेचा.

म्हणून काल मी हाजराकडं गेली. सगळं सांगितलं, तिच्या दारात उभी राहून. तिनं मले आत बोलावलं नाही आणि मी तसं मागणारही नव्हती. ऐकता ऐकता ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, नफीसा के लिए मैं सच बोलूँगी, वो मेरे भाई की बेटी है. लेकिन तेरे को माफ नहीं करती मैं. मी म्हटलं, नको करू. मी पायऱ्या उतरली तेव्हा तिनं मागून हाक मारली. म्हणाली, गोपी, मेरे भाई का चेहरा आखिरी में कैसा था? मी दारात होती, जैबुन. माझं तोंड बाहेर होतं, तिले अडवायले. मी काहीच पाहिलं नव्हतं, तिले सांगायले माझ्याजवळ काही नव्हतं. त्यांच्या उशाशी तू होती. माझ्याशी बोलू नको, माझ्या दारात येऊ नको, मले माफही करू नको, मी मागत नाही. पण त्या जुम्म्याच्या आधी टेक्याले जा. नफीसासाठी तर जाच, पण आधी हाजराजवळ बस आणि तिचा भाऊ जाताना कसा दिसत होता ते तिले सांग.

तुझी म्हणायची लाज वाटते, तरी तुझीच,
गोपिका